ग्रीस नको, तेल

टेलिफोन खात्याने बत्तीस वर्षं मोजून हातात दिली, तेव्हा
बहीण म्हणाली एफडी कर,
भाचा म्हणाला टिटवाळ्याला एक गाळा बघ.
मी कलिन्याला गेले आणि हेरल्ड घेऊन आले.
घेऊन आले म्हणजे, टेम्पोच्या मागे दोराने ओढत.
सासष्टची, मद्रासची बनावट, कापडी टपाची.
रंग कधीकाळी आकाशी असावा.

फ्लोरीनबाई मिस्किटा दारात उभ्या.
आरसी बुक पिशवीत, पिशवीवर पिशवी, वर रबरबँड.
म्हणाल्या, टप आम्ही कधी उघडलाच नाय.
मिस्टर बोलायचे, धूळ येते.
आणि लोक बघतात.
लोक बघतात हे त्यांनी दोनदा सांगितलं.

कुर्ल्याच्या मुस्तकीमने बॉनेट उचललं.
या गाडीचं मडगार्डांसकट अख्खं तोंडच पुढे कलंडतं,
दाढ दाखवायला बसल्यासारखं.
त्याने आत टॉर्च मारला आणि चुकचुकला नाही.
तिथेच मला तो पटला.
म्हणाला, इंजिनाचं नंतर. आधी इथे बघा,
पुढच्या चाकाचा हा पितळी सांधा.
याला ग्रीस भरलं की चाक एक दिवस आडवं.
याला तेल. गिअरचं, जाड.
दर तीन महिन्यांनी, खालून थेंब पडेपर्यंत.
मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतलं.

रेडिएटर मिळाला कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे,
त्यांनी विकण्याआधी पाऊण तास माझी तोंडी परीक्षा घेतली.
हल्लीच्या पेट्रोलात काय घालतात देव जाणे,
रबरी नळ्या भिजल्या साबुदाण्यासारख्या फुगल्या.
आरटीओत साहेबांनी विचारलं, गाडी कुणासाठी?
मी म्हटलं, माझ्यासाठी.
ते पुन्हा फॉर्मकडे बघत राहिले.

टप शिवायला दारूखान्यात,
बोटींच्या ताडपत्र्या शिवणारा धाकू तांडेल.
आम्ही दोघांनी जुना टप मागे ओढला,
घडीघडीवर मोडला तो, पापडासारखा.
आणि शेवटच्या घडीतून
कागदाच्या बारीक टिकल्या सांडल्या,
गुलाबी, हिरव्या, विटलेल्या, मूठभर.
लग्नात उडवतात तशा.

मी तिथूनच फोन लावला.
आधी ट्रंकवर, मग एकशे सत्त्याण्णववर
जन्म काढलाय मी, गप्प बसण्याचे प्रकार मला कळतात.
लाइन तुटल्याचं वेगळं,
कुणीतरी खोलीत आल्याचं वेगळं.
हे त्यातलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, एकदाच उघडलेला. चर्चपासून घरापर्यंत.
पंखा फिरत होता त्यांच्याकडे, ऐकू येत होता.
तो माझा लगीन नव्हता.
मिस्टरचा. पयला.
मी मागच्या सीटवर होते, तिची फुलं धरून.

धाकूला थांब म्हणायला वळले,
तोवर त्याच्या नातवाने झाडू मारून
सगळं लोखंडाच्या किसात मिसळून टाकलं होतं.

नवा टप काळा आहे, ताडपत्रीचा वास मारतो,
डाव्या कोपऱ्यात गळतो. शेजारी बसेल त्याने
आपला टॉवेल आणावा.
रविवारी पहाटे टप मागे टाकून मी विक्रोळीहून निघते
आणि गेटासमोरच्या बोळात गाडी एका दमात वळते,
रिव्हर्स न घेता, स्वतःभोवती फिरल्यासारखी.
सेक्रेटरी गॅलरीत दात घासायचे थांबतात.
लोक बघतात, फ्लोरीनबाई.
एकदा त्यांना न्यायला गेले होते.
त्यांनी दारातून बॉनेटवर हात फिरवला,
बोटाची धूळ बघितली,
चहा ठेवते म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आज तारीख आहे.
चाकाखाली कालचा पेपर पसरलाय,
मी पाटावर बसून पिचकारी दाबतेय.
उजव्या बाजूचं झालं.
डाव्या बाजूला अजून थेंब पडलेला नाही.