आत्मे, नग बारा

रावपुऱ्याहून चालत दहा मिनिटं.
कोठी कचेरीच्या मागल्या दालनात पंखा देईल तेवढाच वारा.
मी मोडी वाचते. पानामागे पैसे मिळतात,
सुट्टीच्या दिवसाचे नाही.

रुमाल सत्तावीस : कुण्या सरदाराच्या कोठाराची खतावणी.
कारकून, त्र्यंबक विसाजी ओगले.
गोरे पाहुणे यायचे होते, मुंबईहून पेट्या आल्या,
आणि बोरू न उचलता त्यानं उतरवून घेतलं
कानावर पडलं तसं :
क्लारेट. शेरी. मडेरा. हॉक.
हॉकपुढे शाईचा एक थेंब,
थबकल्याचा.

पोर्ट, पेट्या तीन.
समासात बारीक : बंदर कोणते, ते कळविले नाही.
स्पिरिट, नग बारा.
समासात : म्हणजे आत्मे. कुलपात ठेवावे.
पंच आला, तेव्हा पाच नावांची जागा
त्यानं कोरी सोडली. सहीला कोणी फिरकलं नाही.
ग्रॉग तीनदा लिहिला, तिन्ही वेळा निराळा,
शेवटचा तर ढेकर दिल्यासारखा.
टॉडीपाशी मात्र हसला असावा.
खोडून लिहिलं : ताडी. ही आपलीच,
विलायतेस जाऊन टोपी घालून आली.

सोवळ्यातला माणूस. बाटलीचा हिशेब
गंगाजळीसारखा ठेवलेला.

पान एकेचाळीस.
ब्रँडी, नग एक. उतरवताना फुटली.
बस, एवढंच. पण पुढच्या पानावर,
डोक्यावरच्या रेघेला एरवी
वाळत घातल्यासारखी टांगलेली अक्षरं
रेघ सोडून खाली उतरलीत,
गोल झालीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
उजवीकडे चढत गेलीत.
आणि कोपऱ्यात पेल्याच्या बुडाएवढं
तपकिरी वर्तुळ.

जसुभाई चहा ठेवतो. डोकावतो.
‘सूं लख्यूं छे, बेन?’
आमच्या मेव्हण्यांच्या परमिटवरही
तोच शब्द आहे, डॉक्टरच्या शिक्क्यासकट,
महिन्याला मोजून.
मी म्हणते, ‘दवा.’
तो मान हलवतो. या गावात
ती मान कशी हलवायची ते सगळ्यांना येतं.

मग छापील तक्ता भरते.
भाषा : मराठी. लिपी : मोडी.
शाई : काळी, घरची.
पानांची अवस्था : बरी.
डाग

इथे पेन जरा थांबतं.
शंभर-सव्वाशे वर्षांनी
कुणी त्र्यंबकरावांची चुगली करायची?
चहाचा कप मी खतावणीपासून लांब सरकवते
आणि लिहिते : निरंक.