दुरून येणारा गोंगाट

त्या सिनेमात आमची धून नऊ सेकंद आहे.
अंडी उकडताना लावायचं घड्याळ घेऊन मी मोजली.
पिरोश्कानं मोजली तेव्हा आठच भरली.
शेवटी नऊवर तोडगा निघाला,
बहीण आहे, तेवढं सोडते.

खुनी पोराची खोली. दार बंद.
दाराआड आम्ही चौघं,
म्हणजे आमचं एक्क्याऐंशी सालचं घामट तारुण्य,
आणि बाहेर त्याची आई, काखेत धुण्याची टोपली,
ओरडते : बारीक कर ते!
तो बारीक करतो.
झालं.
दिग्दर्शकाला सुचवायचं असावं
की असलं ऐकणारी पोरं शेवटी अशीच निघतात.

असलं ऐकणारी पोरं
मिश्कोल्त्सच्या पोलाद कारखान्यात पाळीला जायची
आणि रविवारी आजीची कोंबडी कापायची वेळ आली
की कुठंतरी पसार व्हायची.
कोर्नेल ओतशाळेत, ओटो क्रेनवर,
मी जिथं रूळ लाटतात तिथं.
झोंबोर तेवढा शाळेत भूगोल शिकवायचा,
त्याची किंकाळी त्या भूगोलातूनच आली, असं आम्ही म्हणायचो.
बँडचं नाव सालक. आमच्या भाषेत मळी :
लोखंड वितळलं की वर तरंगते,
आणि आधी काढून फेकतात, ती.
लोक जड धातू, जड धातू म्हणतात.
जड काय असतं ते रात्रपाळीनंतर खांद्याला विचारावं.

टीव्हीवर आम्ही एकदाच. त्र्याऐंशीचा मार्च.
बुडापेस्टच्या स्टुडिओत एका बाईनं
आमचे केस कॉलरच्या आत खोचले, एकेकाचे,
शाळेत सोडताना आई खोचते तसे.
वायरी काढून घेतल्या.
माझ्या ढोलांवर लोकरीची कांबळी पसरली.
आवाज टेपवरून येणार, आम्ही नुसतं वाजवल्यासारखं करायचं.
आयुष्यात इतक्या हळू मी कधी मारलं नाही,
आजाऱ्याच्या पाठीवर हात फिरवावा, इतकं.
कॅमेरा ओटोच्या बोटांवर गेला,
मग एका फुलदाणीवर
(फुलदाणी का होती, हे कुणीच विचारलं नाही),
मग माझ्या कोपरावर.

घरी आईनं टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल घडी करून ठेवला होता,
शेजारपाजार बोलावला होता, अक्रोडाचा केकही होता.
तिनं कोपर ओळखलं :
हा इस्त्रीचा डाग, तिसरीत असतानाचा.
मरेपर्यंत सांगत राहिली,
माझ्या वेंडेलचं कोपर अख्ख्या देशानं पाहिलं.

भट्ट्या विझल्या तेव्हाही कॅमेरे आले होते.
चिमणी पडताना मागं काहीतरी दणदणीत हवं, म्हणून फोन केला.
ओटोनं नकार दिला. कारण आजतागायत सांगितलं नाही.

नऊ सेकंदांचे पैसे आले, चार वाटे केले.
झोंबोरच्या वाट्यातून त्याच्या बायकोनं
छताची पन्हाळ बदलली.
पाऊस आला की नव्या पत्र्यावर तडतडतो,
ती म्हणते, तोच आहे, वेळ पाळत नाही.

सिनेमा पाहायला कोर्नेल काल माझ्याकडे आला.
त्याला आता काही ऐकू येत नाही,
अर्धे कान ओतशाळेनं नेले, अर्धे मी.
तो खालची अक्षरं वाचतो.
त्या नऊ सेकंदांना खाली लिहून आलं :
दुरून येणारा गोंगाट.

दुरून? तो उठलाच.
दुरून म्हणजे कुठून?
सिन्वा नदीकाठचं तळघर, चौदा पायऱ्या खाली,
भिंतीला ओल, बटाट्यांचा वास,
तुझा भाऊ दारात राखण करत बसलेला!
मी नुसती मान हलवत होतो. त्याला काय ऐकवणार?

मग म्हणाला, मागं घे.
टीव्हीखालच्या लाकडी खोक्यावर त्यानं तळवा टेकवला,
डोळे मिटले.
दार. टोपली. आई.
बारीक कर ते.

त्यानं हात उचलला नाही.
वेंडेल, म्हणाला,
दुसरा ठोका उशिरा पडतोय तुझा.
तेव्हाही सांगितलं होतं.
परत लाव.