मागच्या पानावर

रेल्वेची डायरी, निळी, दरवर्षी फुकट मिळते.
पुढच्या पानांवर माझ्या ड्युट्या,
मागच्या पानावर नाताळ.

आमचा बोनस दसऱ्याला येतो,
नाताळपर्यंत त्याचा वाससुद्धा उरत नाही.
तरी मी लिहितो :
मैदा, रवा, तूप.
मोहननगरच्या बेकरीत केक भाजायची मजुरी.
तबीथाचा फ्रॉक. योनाचे बूट, एक नंबर मोठे.
मग थोडी जागा सोडून, जरा तिरक्या अक्षरात,
"इतर".

इतर म्हणजे सांताक्लॉज.

योना झाला त्या वर्षी इतर एकशेवीस.
पुढं दोनशे दहा.
मग एकदम चारशे साठ,
कारण समोरच्या क्वार्टरमधल्या पोराला
रिमोटची गाडी आली होती
आणि आमचा तीन वर्षांचा घोडा
दिवसभर तिच्यामागं रांगत फिरला होता.

प्रिस्किला म्हणाली, काहून एवढं?
मी म्हणालो, वर्षातून एकदा.
ती म्हणाली, मग फ्रीजचा हप्ताही
वर्षातून एकदा चुकवू.
दोघंही हसलो.
हप्ता खरंच चुकला.

किमतीचा स्टिकर काढणं माझ्याकडं.
रात्री, बाथरूममध्ये, कडी लावून,
कापसावर थोडं रॉकेल
आणि अंगठ्याचं नख.
अजनीच्या शेडमध्ये मी इंजिनाचं ग्रीस काढतो.
ते सोपं.

त्या डिसेंबरात थंडी अशी
की नळाचं पाणी बोटांना चावायचं.
तबीथाचं पत्र उशीखाली सापडलं.
तिसरीत होती. ओळी पट्टीनं आखलेल्या.

"प्रिय सांताक्लॉज,
मला कंपासपेटी पाहिजे.
मॅग्नेटवाली नको. साधी.
बर्डीवर मोदी नंबर दोनच्या कोपऱ्यावर
पंचेचाळीसला आहे. कमी करा म्हटलं
तर चाळीसला देतो.
योनाला काय द्यायचं ते द्या, तो लहान आहे.
बाबांना विचारू नका."

मी तीनदा वाचलं.
पोरीनं सांताला दर कळवला होता,
भावही करून ठेवला होता.

मग डायरी काढली. मागचं पान.
बेरजेच्या बाजूला पेन्सिलीनं
बरोबरची खूण, लहानशी,
शाळेत टीचर करतात तशी.
एका वर्षी माझे आठ रुपये चुकले होते,
तेही दुरुस्त.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून सरळ बर्डीला.
दुकानदारानं दोन्ही पेट्या समोर ठेवल्या.
मॅग्नेटवालीचं झाकण टक् करून लागायचं.
मी उघडलं, लावलं, उघडलं, लावलं.
तो म्हणाला, भाऊ,
घेऊन राहिले का पाहून राहिले?

खिशात पैसे होते. खोटं कशाला बोलू.
एकशे दहा काही जड नव्हते.
पण मॅग्नेटवाली नेली
तर तिचं ऐकलं नाही असं होणार,
साधी नेली तर
ऐकलं, असं.

साधी घेतली.
त्यानं पंचेचाळीस सांगितले, मी पंचेचाळीस दिले.
कमी करा, एवढे दोन शब्द
तोंडातून निघेनात.
योनाला शिट्टी मारणारं इंजिन, दोनशे ऐंशी,
तिच्याच परवानगीनं.

रात्री स्टिकर घासत बसलो.
किंमत गेली, गोंद गेला,
मग झाकणावरचं फूलही थोडं गेलं.
बाहेर गाणी म्हणणारी मंडळी
दारोदार फिरून आमच्या गल्लीत आली होती,
प्रिस्किला करंज्यांचा डबा घेऊन धावली,
मी आतच.

सकाळी तबीथा ओरडली,
अगदी हीच पाहिजे होती!
जरा जास्तच मोठ्यानं,
ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं.
मग पेटी उचलून नाकाजवळ नेली,
आणि काही बोलली नाही.

एकतीस तारखेला डायरी बदलताना पाहिलं.
इतर : तीनशे पंचवीस.
माझा पाच खोडलेला,
वर पेन्सिलीनं शून्य.

यंदा खूण मात्र
केलेली नव्हती.