लोखंड बाहेर ठेवा

असं दारावर लिहिलंय, मराठीत, हिंदीत, उर्दूत.
तरी मी प्रत्येकाला तोंडानं सांगते, कारण
माणसं ‘लोखंड’ वाचतात, खिसे चाचपतात
आणि केसांतला आकडा विसरतात.

नांदेड. साडेनऊचा नंबर.
किनवटकडच्या एका पाड्यावरून
रात्रीच निघालेल्या दोघी मायलेकी.
मनकर्णा तोडसाम, वय एकोणीस, डावा खुबा.
फाईलमध्ये तीन एक्स-रे, तिन्हींखाली
एकच शब्द: नॉर्मल.
त्या शब्दाच्या जिवावर वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या,
पाणी भरायची पाळी आली की ही लंगडते.

मी ट्रे पुढे केला.
कानातले, तीन पिना, एक सुटं बटण,
दंडावरचा ताईत. तो आईनंच सोडला
आणि ट्रेमध्ये न ठेवता मुठीत धरला.

“बाई, एक इचारू का?
इतकुशी पीन आत चालत न्हाई म्हन्ता.
डॉक्टर तर म्हन्ले,
पोरीच्या रगतात इळे हायेत. लाखानं.
मंग ह्ये मशीन
तिचं रगत वडून घेईल का?”

अकरा वर्षं झाली मला या खुर्चीत.
‘सिकलसेल’ हा शब्द मी रजिस्टरात
पत्त्यासारखा उतरवत आले.
म्हणाले, नाही हो जैतूबाई,
ते लोखंडाचे नसतात. आकार तेवढा विळ्याचा.

“मंग कापत्यात कशानं?”

कापत नाहीत. अडतात.
कालव्याला कचरा अडला की
शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही ना, तसं.
खुब्याचा गोळा म्हणजे तो शेवटचा वाफा.
ती मान हलवत राहिली. कालवा तिला कळला,
त्यांच्याकडे कालवा कधी आलाच नाही
हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आत मशीन ठोकायला लागलं.
मी माइकवरून म्हटलं, हलू नको, मना.
ती म्हणाली, “ढेमशाचा ढोलच वाटतोय,
पण वाजवणाऱ्याला ताल कळत न्हाई.”
मग पंचवीस मिनिटं गप्प.

पडद्यावर हाडं उगवतात हळूहळू.
या वयाला मज्जा पांढरी पडायला हवी, निवांत.
हिची अजून काळपट, राबणारी,
तान्ह्या लेकराच्या हाडांसारखी
रक्त करतेय, करतेय, पुरत नाही म्हणून करतेय.
आणि डाव्या गोळ्यात ती रेघ.
तलाठ्यानं शीव आखावी तशी वाकडी,
काळी, तिला चिकटून एक उजळ.
रेघेच्या आत सारं वाळलेलं.
गोळा मात्र अजून गोल. खचला नव्हता.
मी दोनदा बघितलं. खचला नव्हता.

आमच्या चौकटीत दोन्ही खुबे येतात,
फॉर्मवर एकच लिहिलेला असो.
उजव्यातही होती.
केसाएवढी. कुणाला न दुखता.

माझं काम चित्र काढायचं. अर्थ सांगायचा
तो डॉक्टरांनी, सही करून, संध्याकाळी चारनंतर.
हा नियम मी नव्या पोरांना शिकवते.

टेबल बाहेर सरकलं. ती उठून बसली,
गालावर उशीची घडी उमटलेली.
“दिसलं का?”
रिपोर्ट डॉक्टर देतील.
“ते न्हाई. नॉर्मल तर न्हाई ना?”

असं कुणी विचारत नाही.
माणसं इथं नॉर्मलसाठी नवस बोलून येतात.
ही माझ्याकडे बघत होती
निकालाच्या फळ्याकडे बघावं तशी.
मी मान हलवली. नाही.

मनकर्णा हसली. आईला
गोंडीत काहीतरी म्हणाली, भरभर,
त्यातला ‘वसतिगृह’ एवढाच शब्द मला लागला.
जैतूबाईनं मूठ उघडली, ताईत बांधला,
गाठ दोनदा ओढून बघितली.

मी हात पुढे केला उतरायला.
“राहू द्या बाई,
ह्यो पाय चांगलाय माझा,” ती म्हणाली,
आणि सगळा भार उजव्यावर देऊन
खाली उतरली.