गुंजभर

आमच्यात धूळ झाडत नाहीत,
विकत घेतात.
सराफ बाजारातल्या दुकानांपुढचा केर
वर्षाच्या बोलीवर उचलायची अम्मी, जैतुनबी झारेकरी.
पहाटे, शटरं उघडायच्या आत,
कुंचा घेऊन गटाराच्या कडेकडेने.
मग घमेल्यात पाणी, पाणी, परत पाणी.
शेवटी तळाशी पारा फिरवायचा,
पाऱ्याला चिकटलं ते सोनं.

"जड असेल ते खाली बसतं," म्हणायची,
"हलक्याचं काही खरं नाही."

मी द्वारका चौकात, एका बँकेच्या गच्चीवर
हवा चाळते.
चपलेच्या खोक्याएवढं यंत्र,
जपून हाताळ, असं सरांनी तीनदा बजावलेलं.
जुनं यंत्र कागद तोलायचं:
आधी कोरा, मग काळा, वजाबाकी म्हणजे धूळ.
हे तोलत नाही. मोजतं.
केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावतील
असे कण,
तराजूला लागत नाहीत
आणि खाली बसत नाहीत.

सकाळचे सव्वानऊ. पुलाखाली सिग्नल लाल.
ट्रक, रिक्षा, अंबडला निघालेल्या कंपनीच्या बस.
द्राक्षाच्या एका मण्याएवढ्या हवेत
सत्तर हजार.
जुन्या यंत्राचा त्याच दिवसाचा शेरा: समाधानकारक.

गच्चीला टेकलेल्या उंबराचं पान
मी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.
खालच्या बाजूला त्याची बारकी तोंडं,
काही मिटलेली, काही काजळ भरून
उघडीच राहिलेली.
मखमलाबादच्या बागेतून आलेली मधमाशी,
कुपीत मेलेली.
तिच्या मिशीवर परागाशेजारी लोखंड.
सर म्हणाले, एका माशीवरून काही लिहू नकोस.
लिहिलं नाही.

रात्री अम्मी विचारते, किती भरलं आज?
मी कागदावर हिशेब मांडते.
चौकातली सगळी हवा, पुलाच्या उंचीपर्यंत,
त्यातले सगळे बारके कण गोळा केले तर
गुंजभर. फार तर.
मला वाटलं, हसेल.

"गुंजभरासाठी मी आठ आठ दिवस झाडलंय," ती म्हणते.

याच खोलीत, याच कोपऱ्यात
ती मडक्यात पारा तापवायची.
पारा उडायचा, सोनं उरायचं.
आम्ही चौघं भावंडं पुढ्यात बसून
सोन्याकडे बघायचो.
उडालेला गेला कुठं,
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

ती कप बशीत ठेवते.
ठेवून झाल्यावरही
कप वाजत राहतो.