चार बोटं

बाप मॉस्कोला कामाला गेला
तेव्हा गाडीची किल्ली आईकडे आली,
आणि गाडीचं एक गुपितही,
जे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं,
बहुतेक स्वतःलासुद्धा.

करडी उआझ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
सरपणाला तेरस्केनची मुळं आणायची म्हणून
आई पहिल्यांदा मुर्गाबबाहेर पडली,
तर अक-बैतालच्या उतारावर गाडी
दावं तुटलेल्या याकसारखी डावीकडे,
मग उजवीकडे, परत डावीकडे.
स्टिअरिंग चार बोटं फिरवावं, तोवर काहीच नाही,
पाचव्या बोटाला सगळं एकदम.

तोलोमुशकाका आला, कानावर पेन्सिल अडकवून.
म्हणाला, पेटीचा स्क्रू आवळायचा, झालं.
आवळला.
स्टिअरिंग जड झालं, वळणानंतर जागेवर येईना,
गाडी मात्र होती तशीच वाहवत राहिली.
दुखणं गुडघ्यात, लेप कपाळाला.
काकानं चहा घेतला, दोन रोट्या खाल्ल्या,
जाताना म्हणाला, बाईचा हात हलका,
गाडीला कळतं ते.

आई काही बोलली नाही.
सकाळी तिनं गाडीखाली जुना नमदा अंथरला
आणि मला आत बसवलं.
मी बारा वर्षांची. ब्रेकपर्यंत पाय पोचवायला
सीटवरून निम्मं घसरावं लागायचं.
"फिरव बेगायिम. थोडंच. आता उलट. परत."
इंजिन बंद, चाकं जमिनीवर,
आणि खाली तिचा हात एकेका सांध्यावर,
मेंढी गाभण आहे का बघताना ठेवते तसा.
मला दिसत होते नुसते तिचे बूट.
"ही दांडी हलते, पुढची हलत नाही.
थांब.
इथे."

एक बॉल जॉइंट खुळखुळत होता.
बाजारातल्या कंटेनरमधून नवा आणला, चिनी,
हातोडीनं जुना पाडला, नवा बसवला,
ग्रीसनं कोपरापर्यंत माखली.
चार बोटांची दोन झाली.

दोन उरली.
काका म्हणाला असता, एवढं चालतंच.
तिनं मला गाडी हातभर पुढे घ्यायला लावली.
ब्रेक. हातभर मागे. ब्रेक.
ती लांब, गाल जमिनीला टेकवून
पाट्यांकडे बघत होती.
"परत."
"परत."
मग तिनं अशी एक शिवी दिली
जी मला वाटायचं फक्त बापालाच येते.

एक्सल पाट्यावरून सरकत होता.
डाव्या बाजूनं, नखाएवढा.
पाट्यांच्या मधला बोल्ट कधीचाच तुटलेला,
यू-बोल्टांखाली तिखटासारखी लाल गंजाची पूड,
आणि जिथे लोखंड लोखंडाला घासत होतं
तिथे एक चकचकीत रेघ.
"हे आजचं नाही," आई म्हणाली.
"तीन हिवाळे तरी."

तीन हिवाळे तो हीच गाडी हाकत होता.
पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता,
मागच्या सीटवर आम्ही भावंडं झोपलेली,
गाडी सुतात असल्यासारखी सरळ.
गाडी सरळ नव्हती.
तिची डावीकडची ओढ त्याच्या मनगटात जिरत होती,
खांद्यात, मानेत,
आणि रात्री तो आम्हाला पाठीवर नाचायला सांगायचा,
आम्हाला वाटायचं, खेळ आहे.

नवा बोल्ट घातला. यू-बोल्टांचे नट
आईनं आलटून पालटून, फुलीवर आवळले.
शंभर किलोमीटरनंतर परत,
कारण पाटे दबतात, नट सैलावतात.
काकानं आवळलेला स्क्रूही तिनं मोकळा केला.
तुटक्या बोल्टाचं डोकं खिशात ठेवलं.

ऑक्टोबरात बाप आला. बारीक झालेला, नवं जाकीट.
घरात चहा व्हायच्या आत किल्ली मागितली.
सरोवराच्या रस्त्याला लागलो तर गाडी
उजवीकडे, हळूहळू, हट्टानं,
पार मुरमात उतरली.
"बिघडवलीत तुम्ही हिला."
आईनं खिशातून ते डोकं काढलं
आणि डॅशबोर्डवर ठेवलं.
तो बघत राहिला. वारा गाडी हलवत होता.
"हात सैल सोड," ती म्हणाली. "ती जाते आता."

निघालो. त्यानं हात सोडले.
पूर्ण नाही.
बोटं वाकलेलीच, तरंगत,
स्टिअरिंगपासून चार बोटं वर.