फिकट प्रत

ट्रेमधली जेली आधी गरम करून थिजवायची,
मग जांभळ्या शाईचा कागद तिच्यावर पालथा घालायचा
आणि दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.
आमच्या क्लबचा हा एकमेव धार्मिक विधी.
हडर्सफील्ड, सायकलच्या दुकानावरची खोली,
वर्गणी तीन पेनी, सभासद सात,
त्यातल्या दोघांचा अबोला,
कारण मंगळावर पाणी आहे की नाही.

सेल्विन ओल्डरॉइड गिरणीत रंगारी.
शाई तोच आणायचा, कोटाच्या खिशातून, कुणाला न विचारता.
विल्फ गार्साइडची कादंबरी अंकागणिक दोन पानं सरकायची:
यान गुरूच्या वाटेवर, इंधन संपत आलेलं,
आणि कप्तान अजून दाढीच करतोय.
होरेस टेम्पेस्ट म्हणायचा,
तुझं यान पोचेपर्यंत आपण म्हातारे होऊ.

मग बोलावणी आली, वयाच्या क्रमाने, खाकी पाकिटांतून.
उरले मी, टाइपरायटर आणि ट्रे.

जेलीला ग्लिसरीन लागतं.
केमिस्ट बूथरॉइड म्हणाले, पोरी, ते आता सगळं
दारूगोळ्याला जातं.
मी रिकामी बाटली घेऊन उभीच राहिले.
शेवटी खोकल्याच्या नावाखाली चार औंस दिलं त्यांनी.
त्यांच्या वहीत मला अजून खोकला आहे.

होरेसचं पत्र लिबियातून:
"एनिड, मंगळ सापडला. हुबेहूब तस्सा.
फक्त माश्या लिहायच्या राहिल्या होत्या आपल्याकडून."
पुढच्या ओळीला सेन्सॉरचं ब्लेड लागलेलं,
तिकिटाएवढं चौकोनी भोक.
तेवढी जागा कोरी सोडून मी पत्र छापलं.
त्या भोकात काय असेल यावर
तीन वाचकांनी पैज लावली. एकाने नकाशासुद्धा काढला.

विल्फ बॉम्बरमध्ये नेव्हिगेटर.
"तारे आता तोंडपाठ आहेत.
आधी त्यांच्याकडे जायचं होतं,
आता त्यांना विचारून घरी येतो.
खाली काय जळतं ते मी बघत नाही.
माझं टेबल पडद्याआड असतं."
सोबत दोन पानं. कप्तानाने तोंड पुसलं होतं.

एका जेलीवर फार तर पन्नास प्रती.
पहिल्या ठसठशीत, मग उतरत जातात,
शेवटची उजेडाला धरून वाचावी लागते.
गडद प्रती मी लांबच्यांना धाडायची,
तंबूत कंदील कसला असणार.
फिकट माझी.

मार्चमध्ये विल्फचा अंक परत आला, पाकीट न फोडलेलं.
त्याची आई जिना चढून वर आली, हातमोजे न काढता बसली.
तिने एकच विचारलं:
"पोचतात का ते, गुरूवर?"
मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, हो.

चव्वेचाळीसचा नोव्हेंबर. सेल्विन लंडनमध्ये, ढिगारे उपसायला:
"आधी घरं जातात, मग ते येत असल्याचा आवाज येतो.
आवाजाच्या पुढे धावणारं यान, एनिड.
हे आपण लिहिलं होतं. दुसरा अंक, पान चार.
नाकाचा आकारसुद्धा चुकला नव्हता.
आत कोण बसेल, काय खाईल, खिडकी कुठल्या बाजूला,
सगळं ठरवलं होतं आपण.
खाली कोण उभं असेल ते कुणालाच सुचलं नाही.
एका मुलीच्या हातात बशी होती.
फुटली नव्हती."

सेन्सॉरने ते पत्र अख्खं सोडलं.
कापलं मी. अंकात आलं फक्त,
"सेल्विन खुशाल आहे, सर्वांना आठवण."

सेहेचाळीसच्या जानेवारीत चौघं जमलो.
मंगळावरून भांडलेल्यांपैकी एकच आला होता
आणि दुसऱ्याच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हता.
सेल्विनने शाई आणली, या वेळी विकत घेऊन.
मी कागद पालथा घातला.

दोन मिनिटं कुणी बोललं नाही.
तीन झाली, पाच झाली.
कागद उचलायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.
तो जेलीला असा चिकटला की ओढताना फाटला,
अर्धी अक्षरं ट्रेमध्येच राहिली, उलटी.

ती शाई पुसता येत नाही.
रात्रभर ठेवली की आपली आपण खाली बसते, तळाला,
आणि वरून पुन्हा छापता येतं.

होरेस म्हणाला, थांबायला वेळ कुणाला आहे?
वितळव परत.